ताईच्या जागी खिळा

ताईला कामावरून काढलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी एक खिळा नेमण्यात आला.

खिळा वाईट नव्हता. जाडजूड, बोटभर लांब, भिंतीत कमरेच्या जरा वर ठोकलेला. धुलाईच्या कारखान्यात मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. वाफेच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. आता दोन कोपरे मुकीच्या हातात होते आणि दोन खिळ्यावर. खिळा चालत पुढे येत नसे, त्यामुळे दोघींचं चालणं मुकीच चालायची. पण खिळा डबा खायला बसत नव्हता, बडबडत नव्हता आणि चक्कर येऊन पडतही नव्हता. मुकादमाच्या मते कारखान्यात आजवर झालेली ही सगळ्यात चांगली नेमणूक होती.

"बघ, शीक जरा त्याच्याकडून," तो जाता-येता मुकीला म्हणायचा.

मुकी मुकी नव्हती. हे नाव तिला इस्त्रीघरातल्या बायकांनी दिलं होतं. खोलीवर ती आणि ताई अशा काही बोलत बसायच्या की शेजाऱ्याने आपली खाट मधल्या भिंतीपासून लांब सरकवली होती. फक्त कुणी खरा प्रश्न विचारला की मुकी गप्प व्हायची. 'मीठ आहे का' हा काही खरा प्रश्न नव्हे. 'चूक कुणाची', 'तू येणार का', 'तुझं म्हणणं काय', हे खरे प्रश्न.

दोघी बहिणी डोंगरातल्या, इस्त्रीघरातल्या आणखी काही बायकांसारख्या. त्यांच्या लोकांना सरकारी भाषेत आदिवासी म्हणत, कारखान्याच्या भाषेत 'त्या डोंगरातल्या' म्हणत, आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत नुसतं 'आपण'. तर 'आपल्यात' अशी रीत होती की खरा प्रश्न आला की तो आधी पोटात उतरू द्यायचा. लगेच उत्तर देणं म्हणजे विचारणाऱ्याला 'तुझ्या प्रश्नात काही दम नाही' असं तोंडावर सांगणं. त्यापेक्षा माणसाला थोबाडीत मारलेली परवडते. थोबाडीत मारताना निदान थोडा विचार तरी केलेला असतो.

ताईला पहिली मागणी आली तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी देता का?" आजोबा विचारात पडले. पाहुणे जेवले, झोपले, उठले, पुन्हा जेवले. शेवटी नुसतं बसून कंटाळा आला म्हणून त्यांनी घराचं गळकं छप्पर शाकारून दिलं. मग आजोबांचं उत्तर आलं: नाही. पाहुण्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. एवढा विचार करून आलेला नकार त्यांनाही क्वचितच मिळत असावा. छप्पर मात्र फार चांगलं झालं. पुढे ते धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हासुद्धा गळत नव्हतं म्हणतात.

धरणाचीही गोष्ट तशीच. एक अधिकारी जीपमधून आला, गावाला झाडाखाली बसवलं आणि विचारलं, "इथे धरण होणार आहे. कोणाची हरकत?" इतका मोठा प्रश्न गावाला त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मनापासून विचार सुरू केला. अधिकारी पेलाभर पाणी प्यायला, त्याने इकडे-तिकडे पाहिलं, 'हरकत नाही' असं लिहून घेतलं आणि जीप सुरू केली. संध्याकाळी उत्तर तयार झालं. एकमुखी उत्तर होतं, एवढं एकमत गावात त्याआधी कधी झालं नव्हतं. बाबा ते उत्तर घेऊन रस्त्यापर्यंत पळत गेले. रस्त्यावर धूळ होती. उत्तर देण्यासारखं कुणी नव्हतं.

म्हणून मुली शहराकडे निघाल्या तेव्हा बाबांनी एकच सांगितलं, "पोरींनो, तिकडे लोकांना घाई असते. पटकन बोलायला शिका."

मुकीने शिकायचा प्रयत्न केला. पहिल्याच आठवड्यात दारावर गादीवाला आला आणि म्हणाला, "गादी घेणार का?" मुकी पटकन म्हणाली, "हो." गादी खोलीपेक्षा मोठी निघाली. ती दोन्ही बाजूंनी भिंतीवर चढली, आणि दोघी बहिणी तेव्हापासून घळीत पडल्यासारख्या मधोमध झोपायच्या. कूस बदलायची तर दोघींनी आधी ठरवून बदलायची. पटकन बोलण्याचा नाद मुकीने तिथेच सोडला.

आणि मग ताईचं झालं.

इस्त्रीघराला मागे एक दार होतं, अंगणात उघडणारं. एकदा टॉवेल कमी भरले, म्हणून साहेबांनी त्या दाराला कुलूप घालायला लावलं. पुढे ते टॉवेल धुण्याच्या यंत्राच्या पोटात सापडले. पण तोवर कुलूप लागलं होतं, आणि लागलेलं कुलूप काढायला साहेबांकडे काही कारण नव्हतं. वाफ आतच राहायला लागली. भिंतींना घाम यायचा. एका दुपारी ताईने रोलरमधून आलेली दुहेरी चादर धरली, "मुके, जरा धर गं," म्हणाली, खाली बसली आणि आडवी झाली. चादर तरंगत आली आणि तिच्या अंगावर पडली. मुकीने धावत जाऊन तिच्या डोक्याखाली एक उशी सरकवली आणि पाणी आणायला गेली.

तेवढ्यात मुकादम आला. त्याला दिसलं ते असं: बाई, उशी, वरून चादर.

"कामाच्या वेळेला झोप?" तो ओरडला. "आणि तीही अंथरूण-पांघरूण घालून!"

साहेबांना बोलावलं. साहेबांनी पाण्याचा पेला हातात घेऊन उभ्या असलेल्या मुकीला विचारलं, "तू सांग. खरं सांग. ही झोपली होती की नाही?"

याहून खरा प्रश्न असूच शकत नव्हता. मुकी विचारात पडली. डोळे मिटलेले होते, हे खरं. आडवी होती, हेही खरं. पण झोपणारं माणूस आधी जांभई देतं, कूस शोधतं... साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बघा. हिच्या तोंडून शब्द फुटत नाही," ते म्हणाले. "काय समजायचं ते समजलं."

मुकीचं उत्तर तयार झालं तोवर ताई डबा घेऊन फाटकाबाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी मुकीने ते उत्तर खिळ्याला सांगितलं. "झोपली नव्हती," ती म्हणाली. खिळ्याचा त्यावर आक्षेप नव्हता.

ताई खोलीवर गादीच्या घळीत बसून हसायची. "अगं, खिळा कसा आहे कामाला? माझ्यापेक्षा बरा असेल तर त्याचंच लग्न लावून टाकू." पण आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांत 'ती अंथरूण घालून झोपणारी' म्हणून तिची कीर्ती पोचली होती. कुठे कामाला गेली की लोक आधी तिच्या हातात उशी आहे का ते पाहायचे. एका संध्याकाळी ती हसता हसता थांबली.

"मी आपली गावी जाते, मुके."

"कुठल्या गावी?"

ताई जरा वेळ भिंतीवर चढलेल्या गादीकडे पाहत राहिली. "खरंच की," ती म्हणाली.

त्या रात्री दोघींनी एकदाही कूस बदलली नाही.

कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर एक काका बसायचे. कामगार संघटनेचे. संघटना मोठी नव्हती. काका, एक सायकल आणि एक कर्णा, त्यातही कर्णा दुरुस्तीला गेलेला. इस्त्रीघरातल्या बायका मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती जमल्या. ताईला परत घ्या आणि मागचं दार उघडा, एवढंच साहेबांना सांगायचं, हे सगळ्यांना पटलं होतं.

"छान," काका म्हणाले. "आता साहेबांशी बोलणार कोण?"

"मी नाही," एक म्हणाली.

"मी तर मुळीच नाही. माझ्या नवऱ्याचा भाऊ साहेबांकडे ड्रायव्हर आहे."

"मी बोलले असते," रेडिओ म्हणाली. रेडिओ म्हणजे अभ्र्यांच्या टेबलावरची बाई. ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण कुणाला सापडलं नव्हतं. "पण मी बोलले की माझ्या गुडघ्यांवर येते. साहेबांना गुडघ्यांचं काय?"

"तू नकोच," सगळ्या म्हणाल्या.

अशा एकेक करत सगळ्यांनी नाही म्हणून झालं. कुणाचं पोर लहान होतं, कुणाचा घसा बसलेला होता, एकीने तर साहेबांना पाहिलं की आपल्याला हसू येतं असं सांगितलं. मुकी अजून विचारच करत होती. खरा प्रश्न होता तो. काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. नाही न म्हणालेली एकच बाई उरली होती.

"ठरलं तर मग," काका म्हणाले. "या बोलतील."

"अहो, ही मुकी आहे!" रेडिओ म्हणाली.

"म्हणजे गुडघ्यांवर येणार नाही," काका म्हणाले, आणि चहा संपवला.

मुकीचं उत्तर तयार झालं तेव्हा सुट्टी संपून रोलर सुरू झाले होते. उत्तर 'नाही' असंच होतं. पण उशिरा आलेल्या उत्तराचं काय करायचं असतं ते तिला अनुभवाने माहीत होतं: काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी रोलर थांबवले आणि साहेबांना निरोप धाडला. साहेब आले, कोट घालून. त्यांच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, आणि त्या खोलीत माणूस कोट नसेल तर कुडकुडायचा.

आता इस्त्रीघराचा दुसरा रस्ता म्हणजे पुढचा बोळ. एका ढकलगाडीपुरता रुंद. मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या त्यातून एकेक आत यायच्या, बायका त्या आतल्याच धुण्याच्या यंत्रांत रिकाम्या करायच्या आणि गाड्या त्याच बोळातून परत जायच्या. आज रिकाम्या करणाऱ्या हातांची घडी घातलेली होती. बाहेर टेम्पोवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने रोजच्यासारख्या गाड्या आत ढकलल्या. एकीच्या पाठीत दुसरी, दुसरीच्या पाठीत तिसरी, शेवटची खांदा लावून. मग तो शीळ घालत निघून गेला. गाड्यांच्या दांड्या एकमेकींत अशा अडकल्या की त्या बाहेरून ओढल्याशिवाय सुटणार नव्हत्या. बायकांनी आतून ओढून पाहिलं. साहेबांनीही ओढून पाहिलं. हे कुणीही ठरवून केलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर जमलं नसतं.

साहेबांनी मागच्या दारावर थाप मारली. "वॉचमन! कुलूप उघड!"

"चावी नाही, साहेब," पलीकडून वॉचमन म्हणाला.

"कुठे आहे चावी?"

"तुमच्या ड्रॉवरमध्ये. तुम्हीच ठेवायला सांगितलीत."

"मग काढ ना!"

"ड्रॉवरला कुलूप आहे, साहेब. त्याची चावी तुमच्या खिशात असते." पलीकडे जरा शांतता झाली. "आणि खिसा आत आहे."

साहेबांनी खिशातली चावी काढली आणि वरच्या झरोक्यातून बाहेर फेकली. ती पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.

"पत्र्यावर गेली, साहेब. शिडी आणतो."

"कुठून?"

"बघतो," वॉचमन म्हणाला, आणि त्याची पावलं अगदी बेताच्या गतीने दूर गेली.

रोलर बंद होते, पण गरम होते. धुण्याच्या यंत्रांची वाफ नळातून अजून येतच होती. साहेब एका पालथ्या टोपलीवर बसले आणि घाम पुसत म्हणाले, "बरं. अडकलोच आहे, तर होऊन जाऊ दे. कोण बोलणार आहे?"

बायकांनी मुकीला पुढे ढकललं.

"तू? बरं, बोल. काय हवंय तुला?"

मुकीने तोंड उघडलं. तिने पाठ केलं होतं: ताईला परत घ्या, दार उघडा. पण साहेबांनी तिला विचारलं होतं, काय हवंय. असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. प्रश्न सरळ पोटात उतरला. आणि हवं तर खूप काही होतं. ते छप्पर हवं होतं. ते झाड हवं होतं. बाबा रस्त्यावर पोचेपर्यंत ती जीप थांबायला हवी होती. जरा लहान गादी हवी होती. यातलं साहेबांकडे काय मागायचं आणि काय नाही, हे निवडायला वेळ लागणारच. ती उभी राहिली आणि निवडू लागली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. या वेळी निघून जायची सोय नव्हती.

"पंखा हवाय का?" ते म्हणाले. "पंखा बसवून देतो."

मुकी गप्प. मागे रेडिओने श्वास घेतला. शेजारणीने तिला चिमटा काढला.

"मोठा पंखा," साहेब म्हणाले. "बरं, प्यायचं पाणी आत ठेवायला सांगतो. गार पाणी. आणखी काय? ... तुम्ही फार ताणून धरताय हं." 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. "दुपारी जरा बसायला बाकडी देतो. घ्या. बाकडी दिली."

मुकीला यातलं काही धड ऐकूही येत नव्हतं. ती झाडापाशी होती. शहरातल्या बायका मात्र तोंडाला पदर लावून उभ्या होत्या; नुसतं गप्प राहून बाकडी मिळतात हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं बोलण्यात गेली होती.

साहेबांनी कोटाची बटणं काढली. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते पुढे झुकले.

"हे बघा बाई. तुम्ही हुशार आहात. या सगळ्यांचं सोडा. मी तुम्हाला मुकादम करतो. आजपासून. काय म्हणता?"

"नको," मुकी म्हणाली.

साहेबांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाली. डोंगरातल्या बाकीच्या बायकांनी "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. एवढा मोठा अपमान त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. साहेबांना तो अपमान कळला नाही, पण काहीतरी आपटल्यासारखं जाणवलं असावं. ते एकदम उठले, म्हणाले, "जरा गरम होतंय का इथे?" आणि गादीच्या खोळींच्या ढिगाऱ्याला धरत धरत खाली बसले आणि आडवे झाले. ढिगाऱ्यावरची एक चादर घसरली आणि त्यांच्या अंगावर आली.

सगळ्या बायका हलल्या. भांडण भांडणाच्या जागी. कुणी कोट सैल केला, कुणी पाणी शिंपडलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घालू लागली. मुकीने डोक्याखाली उशी दिली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिच्या हाताला तीच सवय होती.

नेमका तेव्हाच टपरीवर चहा प्यायला गेलेला मुकादम परतला. बोळात गाड्या पाहून तो एका गाडीवर चढला आणि मळक्या कपड्यांच्या वरून आत डोकावला. त्याला गर्दीतून दिसलं ते असं: दोन पाय, उशी, वरून चादर.

"कोण आहे ते?" तो गरजला. "पुन्हा तेच? कामाच्या वेळेला झोप? अंथरूण-पांघरूण घालून? नाव सांगा! आत्ताच्या आत्ता हाकलतो! बोला, झोपलंय की नाही ते?"

कुणी काही बोललं नाही. रेडिओसुद्धा नाही. सगळ्यांनी मुकीकडे पाहिलं.

हा प्रश्न मुकीला नवा नव्हता. तो तिच्या पोटात उतरून बरेच दिवस झाले होते, आणि उत्तर केव्हाचं शिजून तयार होतं, खिळ्यावर टांगलेलं.

"झोपलेले नाहीत," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "चक्कर आली. दार बंद आहे, वाफ आत कोंडते, माणूस पडतं. पडलेल्या माणसाच्या डोक्याखाली मी उशी देते. त्या दिवशी ताईला दिली, आज साहेबांना दिली. ताई झोपली नव्हती. साहेब झोपलेले नाहीत. आणि साहेब झोपले असतील, तर ताईही झोपली होती; मग दोघांना काढा."

चादरीखालून बारीक आवाज आला. "झोपलो नाही मी."

"साहेब?" मुकादम म्हणाला, आणि गाडीवरून पडला. बाहेरच्या बाजूला पडला ते बरं झालं. उठल्यावर त्याला गाड्या ओढायला सुरुवात करता आली.

"तिचं बरोबर आहे," साहेब उशीवरूनच म्हणाले. "मला आधी जांभई आली नव्हती."

मागच्या दारात खडखड झाली, कुलूप निघालं आणि दार उघडलं. वारा आत आला. साधाच वारा होता, अंगणातला, पण एवढ्या चादरी एकदम फडफडल्या की कुणीतरी आलंय असं वाटलं. बायका जिथल्या तिथे खाली बसल्या. साहेब उठून बसले, वाऱ्याकडे तोंड करून.

"कुलूप परत लावू ना, साहेब?" दारातून वॉचमनने विचारलं.

साहेब विचारात पडले. खरोखर पडले, डोंगरातल्या बायकांनी ते लगेच ओळखलं आणि मान देऊन गप्प राहिल्या.

"राहू दे," शेवटी ते म्हणाले. "उघडंच राहू दे." मग मुकीकडे वळून, "बहिणीला उद्या पाठवा. पंख्याचंही बघतो."

"बाकडी," रेडिओ म्हणाली.

"बाकडीही."

"आणि माझे गुडघे..."

"हिला बाहेर न्या," सगळ्या म्हणाल्या, आणि आता दार उघडं असल्यामुळे तिला नेताही आलं.

मुकी मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. या खेपेला उत्तर घेऊन ती पळाली नव्हती. विचारणाराच जागेवर होता. तिला बाबा आठवले आणि रस्त्यावरची धूळ आठवली, आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारणीला वाटलं ही पण पडते की काय. शेजारणीने घाईघाईने जवळची उशी उचलून लांब ठेवली. पुन्हा भानगड नको.

संध्याकाळी फाटकासमोर काका वाट पाहत होते.

"रस्त्याच्या त्या टोकाला बाटल्या भरायचा कारखाना आहे," ते म्हणाले. "तिथल्या बायकांनी विचारलंय, तुम्ही येऊन गप्प बसाल का म्हणून. आणि नंतरही, म्हणजे कायमचंच, संघटनेचं काम कराल का? पगार बेताचा आहे. कर्णा दुरुस्त झालाय, पण तुम्हाला काही तो लागणार नाही."

मुकी गप्प झाली. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि वर्तमानपत्र उघडलं. ते संपलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही, आणि काकांनी ते मागितलंही नाही.

ते नंतर आलं, आणि 'हो' असं आलं. गादीसारखं पटकन नव्हे. पुढे ती बऱ्याच कारखान्यांत जाऊन गप्प बसली, मोजकं बोलली, आणि त्या भागातले साहेब लोक ती येणार म्हटलं की आधी खिडक्या-दारं उघडून ठेवू लागले. धरणाच्या वरच्या अंगाला 'आपली' जी गावं उरलीत, तिथे आता कुणी अधिकारी 'हरकत आहे का' विचारायला आला की मुकी त्याला सावलीत खुर्ची देते, चहा देते, जेवू घालते आणि जीपच्या दाराला टेकून उभी राहते. "बसा ना साहेब," ती म्हणते. "उत्तर यायचंय." एका अधिकाऱ्याने वाट पाहता पाहता अर्धं छप्पर शाकारून दिलं.

पण हे सगळं पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त ताई आली. केस चापूनचोपून बसवलेले, हातात डबा. मागच्या दारातून उजेड आत येत होता, आणि फरशीवर तो नेमका त्यांच्या टेबलापर्यंत पोचत होता. ताईने भिंतीवरच्या खिळ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाच का तो?"

"हाच."

"बारीक आहे गं फार. जेवतो की नाही?" तिने डब्याची पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली. "घे. तेवढीच तुझी बढती."

रोलरमधून पहिली चादर बाहेर आली, मोठी, दुहेरी, गरम. ताईने तिकडचे कोपरे धरले, मुकीने इकडचे. दोघींनी ताणली, झटकली, आणि मग ताई चालत पुढे आली. मुकी जागेवरच उभी राहिली. इतक्या दिवसांनी तिला चालायचं नव्हतं.

"तू पण ये ना पुढे," ताई म्हणाली. "काय खिळ्यासारखी उभी आहेस?"

मुकी हसली आणि चालू लागली. मधोमध कोपऱ्याला कोपरा भिडला.

"काय गं," ताईने हळूच विचारलं, "परत पडले तर?"

हा खरा प्रश्न होता. मुकी विचारात पडली. ताई थांबली, चादर हातात धरून, उघड्या दाराकडे पाहत. रोलर दुसरी चादर बाहेर ढकलत होता, मुकादम लांबून पाहत होता आणि काही म्हणत नव्हता.